फोटो नको, कात जपून ठेवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणारा सत्तावीस वर्षांचा तरुण. वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, सध्या तोच सांभाळतो. दीड वर्षापूर्वी त्याने ओळखीतून १६ हजार रुपयांना कॉर्न स्नेक जातीचा नर साप घेतला. विकणाऱ्याने ‘एकदम प्युअर’ म्हणून दिला. अंगावर नारिंगी आणि तांबडा रंग, मधून पांढरट नागमोडी रेघा, डोळे लालसर. घरात त्याला केशऱ्या म्हणतात. आता पुण्याच्या एका पाळणाऱ्याने आपल्या मादीशी जोडी लावू, पिल्लं निम्मी-निम्मी, असा प्रस्ताव दिला. पण फोटो पाहून तोच म्हणाला, ‘हा जंगल कॉर्न दिसतोय. किंगस्नेक मिसळलाय. शुद्ध असल्याचं सिद्ध कर, मगच बोलू.’ आजीचं मत वेगळंच: ‘असलं रंगाचं जनावर नाग-धामणीच्या पोटचंच असतंय बघ.’ तरुण विचारतो: केशऱ्या शुद्ध आहे की संकर, हे कसं ओळखू? फसवणूक झाली असेल तर परत करू का? आणि संकर असेल तर त्याला पिल्लं तरी होतील का?

तुम्ही अकरा फोटो पाठवलेत. सगळे दोन-दोनदा पाहिले. केशऱ्या देखणा आहे, यात वाद नाही. पण त्या फोटोंवरून तो शुद्ध की संकर हे मी सांगणार नाही, आणि दुसरं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा नारिंगी रंग आपल्या मनाने भडक करतो. पिवळ्या बल्बखाली पांढरी रेघ साईसारखी दिसते, ट्यूबलाइटखाली तीच निळसर होते. तुमच्याच तिसऱ्या आणि नवव्या फोटोतले साप शेजारी ठेवले तर दोन वेगळी जनावरं वाटतात.

पण खरी अडचण कॅमेऱ्याची नाहीच. नुसत्या दिसण्यावरून कधीकधी मिसळण सिद्ध होते, शुद्धता मात्र कधीच सिद्ध होत नाही. पुण्याच्या गृहस्थांनी तुमच्याकडे नेमकी जी गोष्ट मागितली ती फोटोवरून कुणालाच देता येणार नाही. त्यांना स्वतःच्या मादीबद्दलही ती देता येणार नाही.

तुमच्या पत्रातलं एक गृहीत आधी बाजूला ठेवू. रंग इतका वेगळा, म्हणजे काहीतरी मिसळलेलं असणार, असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही लातूरचे, म्हणून देवणी गाईचा दाखला देते. तिची तीन रंगरूपं आहेत. वानेरा अंगाने पांढरा, तोंडावर काळं. बालंक्या पांढराशुभ्र. शेवरा पांढऱ्यावर काळे ठिपके. बाजारात परका माणूस तिघांना पाहून तीन जाती म्हणेल, तुमच्या गावातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. कॉर्न स्नेकचंही तसंच. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जिया-कॅरोलायनाकडचा. जंगलात तो नारिंगी-तपकिरी असतो, पाठीवर काळ्या कडांचे तांबडे ठसे. काळं रंगद्रव्य बनवणारं एक जनुक बिघडलं की काळं गायब होतं, लाल-नारिंगी उजळून निघतं, डोळे लाल होतात. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात असा एक साप रानातच सापडला होता, कुणी बनवलेला नव्हता. लाल रंगद्रव्य गेलं तर राखाडी साप होतो, आणि लाल-काळी दोन्ही गेली तर पांढरट-गुलाबी. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच रंग बाहेर दिसतो. म्हणून साध्या दिसणाऱ्या जोडीच्या पिल्लांतही सरासरी चारात एक अशा वेगळ्या रंगाचं निघू शकतं. अशा रंगरूपांना पाळणारे ‘मॉर्फ’ म्हणतात. मॉर्फ म्हणजे संकर नव्हे. ठसे एकमेकांत मिसळून नागमोडी रेघ होणं, ज्याला ‘झिगझॅग’ म्हणतात, तेही कॉर्न स्नेकमध्येच निवडीने वाढवलेलं रूप आहे. तेव्हा केशऱ्याचा रंग आणि त्याची रेघ, दोन्ही त्याच्या विरुद्धचा पुरावा होत नाहीत.

आता दुसरी बाजू. जंगल कॉर्न ही काही कुणाच्या मनातली कल्पना नाही. कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांचा तो संकर. दोघांचा वंशगट वेगळा, तरी बंदिवासात त्यांची पिल्लं होतात. मिल्क स्नेकशीही असे संकर झालेत. तुमचा बियाण्याचा धंदा आहे, म्हणून पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. हायब्रीड ज्वारीचं पहिल्या वर्षीचं ताट कसं एकसारखं येतं? तसं पहिल्या पिढीचा जंगल कॉर्न बहुतेक वेळा दोघांच्या मधला दिसतो, जाणकाराला शंका येते. पण त्याच ज्वारीचं बी ठेवून पुढल्या वर्षी पेरलं की एक ताट उंच, एक बुटकं, एक कणीस भरलेलं, एक पोचट. सापांतही दुसऱ्या पिढीला तसंच होतं. आणि संकराची गाठ पुन्हा कॉर्न स्नेकशीच घालत गेलं तर तीन-चार पिढ्यांत साप इतका ‘कॉर्न’ दिसतो की त्यातला खापरपणज्याचा किंगस्नेक कुणालाच दिसत नाही. प्रामाणिक विकणाराही मग ‘प्युअर’ म्हणून विकतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं.

मग पाहायचं काय? केशऱ्याची कात.

साप नाकाच्या टोकापासून कात टाकतो, मोजा उलटा काढावा तशी. पुढच्या वेळी ती कोरड्या पालापाचोळ्यात चुरगळून जाऊ देऊ नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, जुन्या वर्तमानपत्रावर हलक्या हाताने पसरा, वाळली की पुठ्ठ्यावर चिकटवून तारीख घाला. मग भिंग घ्या. पहिली जागा पोटाकडची: जिथे शेपूट सुरू होते तिथे गुदद्वार झाकणारा खवला असतो. कॉर्न स्नेकमध्ये तो मधोमध तिरका दुभंगलेला, दोन तुकड्यांचा. किंगस्नेक आणि मिल्क स्नेकमध्ये एकसंध. तुमच्या कातीवर तो एकसंध निघाला, तर पुण्याच्या गृहस्थांच्या शंकेला वजन आहे. दुभंगलेला निघाला तर इतकंच कळेल की या जागी मिसळण दिसत नाही.

दुसरी जागा पाठीच्या मधल्या ओळी. कॉर्न स्नेकच्या तिथल्या खवल्यांवर मधून बारीक उभी रेघ असते, बोट फिरवून कळणार नाही इतकी पुसट, पण भिंगात तिरप्या उजेडात दिसते. किंगस्नेकचे खवले काचेसारखे गुळगुळीत. जिवंत केशऱ्या उन्हाच्या कवडशात तुकतुकीत चमकतो की किंचित मंद, तेही बघा, पण त्यावर फार भरवसा नको. नुकती कात टाकलेला कुठलाही साप चमकतो.

डोकंही पाहतात. कॉर्न स्नेकच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते आणि डोळ्यामागून एक पट्टा जबड्याच्या पुढे मानेकडे जातो. मान डोक्यापेक्षा बारीक दिसते. किंगस्नेकचं डोकं मानेत सरळ मिसळतं, वेगळं उठून दिसत नाही. पोटावर कॉर्न स्नेकला काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीत मक्याच्या कणसासारख्या. त्याच्या नावाचं एक कारण हेच सांगतात. पण केशऱ्याला काळा रंगच नाही, त्यामुळे त्याच्या चौकटी पांढऱ्या-नारिंगी आणि फिकट असणार. शिवाय काही मॉर्फमध्ये, पट्टेरी साप हे त्यातलं एक उदाहरण, शुद्ध कॉर्न असूनही पोट कोरंच असतं. म्हणून एकच खूण धरून निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच बाजूला झुकल्या तर अंदाज बांधा, आणि तोही अंदाज म्हणूनच.

तुम्ही डीएनएबद्दल विचारलंत. परदेशात कातीच्या तुकड्यावरून रंगाचे जनुक सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पण त्या सांगतात जनुक कोणतं, कूळ कोणतं हे नाही. आणि जात ओळखायला सर्रास जी तपासणी करतात ती बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची असते. तो फक्त आईकडून येतो. केशऱ्याची आई कॉर्न आणि बाप किंगस्नेक असला तरी ती तपासणी ठामपणे ‘कॉर्न स्नेक’ असंच सांगेल. एवढे पैसे खर्चून असा अर्धवट दाखला हातात घेऊ नका.

आता ‘शुद्ध’ या शब्दापाशी जरा थांबते, कारण तुमची झोप त्याच शब्दाने उडवली आहे.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात राखाडी-तपकिरी रंगाचा एक साप आहे, ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक. बरीच वर्षं तो कॉर्न स्नेकचीच उपजात मानला जाई. त्याची आणि नारिंगी कॉर्नची पिल्लं ‘क्रीमसिकल’ नावाने विकली जात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे, एकाच जातीतली सोयरीक ती. २००२ मध्ये अभ्यासकांनी जनुकं तपासून त्याला स्वतंत्र जात ठरवलं. झालं, पेटीत झोपलेले क्रीमसिकल एका रात्रीत संकर झाले. सापांत काही बदललं नव्हतं, आपली वही बदलली होती. आणखी एक. ‘अल्ट्रामेल’ म्हणून कॉर्न स्नेकचं जे रूप आज सगळीकडे मान्य आहे, त्यातलं एक जनुक राखाडी रॅट स्नेककडून आलं असावं, असं पाळणाऱ्या जाणकारांतच बोललं जातं. ज्यांच्या घरी अल्ट्रामेल आहेत त्यांनी केशऱ्याकडे शुद्धतेचा दाखला मागावा, हे मला न्यायाचं वाटत नाही. आणि आपली देवणी? गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या मिसळणीतूनच ती घडली, असं पशुशास्त्राची पुस्तकं सांगतात. आज तिची शुद्ध जोपासना व्हावी म्हणून आपण धडपडतो, आणि ते योग्यच आहे.

मी अनेक वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. ‘संकर’ शब्द फळ्यावर लिहिताना दरवेळी हात जरा थबकायचा, कारण आपल्या समाजात हा शब्द माणसांना हिणवायलाही वापरला गेलाय, आणि समोरच्या बाकांवर ते सोसलेल्या घरांतली मुलं बसलेली असायची. म्हणून सांगते, शेतात किंवा गोठ्यात शुद्ध वाण जपायला कारण असतं: पुढल्या पिढीत काय येईल याचा भरवसा. तेवढ्यापुरतंच ते कारण. जनावराची प्रतिष्ठा त्यावर अवलंबून नाही. तुमच्या पत्रात ‘परत करू का’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. दीड वर्ष तुमच्या हातून उंदीर खाणारा साप काल जसा होता तसाच आज आहे.

पिल्लं होतील का, हा तुमचा तिसरा प्रश्न. खेचराला पिल्लं होत नाहीत म्हणून संकर वांझ, असं आपण धरतो. कॉर्न आणि किंगस्नेकच्या बाबतीत ते खरं नाही. त्यांचे संकर बहुधा प्रजननक्षम असतात, म्हणून तर मिसळण पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकते आणि गोंधळ माजतो. ‘पिल्लं झाली म्हणजे शुद्ध’ हा दाखलाही म्हणून चालणार नाही.

आजींना मात्र शांतपणे समजावून सांगा. नाग आणि धामण यांची जोडी लागत नाही. दोघांची कुळं फार दूरची आहेत; धामण बिनविषारी, नाग विषारी, आणि त्यांच्यात पिल्लं होणं शक्य नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर दोन साप पिळा घालून उभे राहिलेले दिसतात, लोक त्यावर नवं कापड टाकतात, नाग-धामणीचं लग्न म्हणतात. ते बहुतेक वेळा मादीसाठी झुंजणारे धामणीचे दोन नर असतात. आजींना केशऱ्याचा इकडचा चुलतभाऊच दाखवायचा असेल तर चित्रातला तस्कर दाखवा. आपल्या रानातला तस्कर कॉर्न स्नेकसारखाच उंदीर खाणारा, बिनविषारी. एकेकाळी शास्त्राच्या वहीत दोघांचं आडनावही एकच होतं. फक्त चित्रातलाच दाखवा. तस्कर, धामण, मांडूळ, अजगर, नाग, आपल्याकडचा कुठलाही रानातला साप धरून घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकते, कारण असे साप पाळणाऱ्या बाकीच्या वाचकांनाही तो लागू आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी तेव्हापासून कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. तो घरात असेल तर जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवावं लागतं. कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यादीत नाहीत, म्हणून केशऱ्या शुद्ध असो की मिसळलेला, या नोंदणीच्या दृष्टीने फरक पडत नाही. तरीही परदेशातून जिवंत जनावर आणायला परवाना आणि तपासणी लागतेच, आणि मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर बॅगेत कोंबलेले साप पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. केशऱ्या इथेच अंड्यातून निघाला की कुठून आला, हे तुम्ही विकणाऱ्याला कधी विचारलंत? मला शुद्धतेपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो.

तो आता विचारा. भांडायला नको, लेखी विचारा. आई-बापाचे फोटो, अंडी फुटल्याची तारीख, त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुणाकडे गेली. त्या भावंडांचे फोटो मिळाले तर एकट्या केशऱ्यापेक्षा ती सगळी मिळून जास्त बोलतील. एखाद्याच्या अंगावर किंगस्नेकसारखे सलग आडवे पट्टे निघाले तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. पण विकणाऱ्याने स्वतः जोडी लावलेली नसेल, कुणाकडून तरी घेऊन पुढे दिला असेल, तर तोही तुमच्याइतकाच अंधारात आहे. त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरवण्याआधी हे तपासा. बिल नाही, कागद नाही, हे तुम्हीच लिहिलंय. १६ हजार परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

जोडीचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. मिसळणीच्या भीतीने नाही. एका वेळी पंधरा-वीस अंडी होतील. निम्मी तुमच्या वाट्याला, म्हणजे आठ-दहा पिल्लं, आणि कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. तुमच्या तालुक्यात सापाला हात लावणारा डॉक्टर नाही असं तुम्हीच लिहिता. एका केशऱ्यासाठी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाऊन विचारून यायला हवं, ते आधी करा. आठ पिल्लं कुणाला द्याल? घेणारा कंटाळला आणि उसाच्या फडात सोडून आला तर? स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले, माजले, आणि जिथवर ते पोचले तिथल्या मोठ्या सरड्यांची संख्या पार कोसळली. त्या बेटावर पकडलेल्या सापांत पांढरट, लाल डोळ्यांचे खूप आहेत. कुणाच्या तरी पेटीतल्या लाडक्यांचे ते वंशज.

हे सगळं वाचूनही पुढेमागे जोडी लावलीत, तर प्रत्येक पिल्लाबरोबर एक चिठ्ठी द्या: ‘बाप दिसायला कॉर्न, कूळ माहीत नाही.’ भाव कमी येईल. येऊ द्या. तुमच्या दुकानात कुणी हायब्रीडचं बी सरळ वाण म्हणून विकलं तर तुम्ही त्याला उंबऱ्याच्या आत घ्याल का?

केशऱ्यात किंगस्नेक असेल अशी नुसती शंका असली तरी एक गोष्ट आजपासून पाळा. त्याच्या पेटीत दुसरा साप एक रात्रही ठेवू नका. किंगस्नेक रानात दुसरे साप खातो, ती भूक अर्ध्या रक्तातही उतरू शकते. खरं तर शुद्ध कॉर्नलाही एकटंच ठेवायचं असतं. आणि एप्रिल-मे येतोय. पेटीची ऊबदार बाजू २९ ते ३१ अंशांवर आणि गार बाजू २४ च्या आसपास हवी. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीपार जातो, ३५ च्या वर तो फार वेळ तगणार नाही. पेटी खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला हलवा. दिवे गेले तर ओलं गोणपाट पेटीबाहेर बाजूला टांगा, पाण्याचं भांडं तो अंग बुडवून बसेल एवढं मोठं ठेवा. थर्मामीटर मात्र पेटीच्या आत हवा, भिंतीवर नको.

पुण्याच्या गृहस्थांना आज एवढंच कळवा: ‘केशऱ्याचं कूळ मला माहीत नाही. पुढची कात आली की गुदद्वाराच्या खवल्याचा जवळून काढलेला फोटो पाठवतो. तुमच्या मादीच्या कातीचा तसाच फोटो तुम्ही पाठवा.’